मागून येणारी सायली

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

आज नव्या घरात आलो. आधी देव मांडले, मग दूध उतू जाऊ दिलं, मग बाकीचं सामान. भाड्याचं हे कितवं घर ते मोजायचं मी सोडून दिलंय, पण नाशकात म्हसरूळची ही जागा मनासारखी मिळाली. खाली आम्ही, वर घरमालक. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, ओटा काळ्या दगडाचा आहे, नळाला जोर आहे. भिंतीला खिळे आधीच्या लोकांचेच, त्यामुळे नवे ठोकावे लागले नाहीत.

घरमालक सावळीरामअण्णा ट्रक चालवायचे, आता घरीच असतात. त्यांच्या बायको कुसाबाई मूळच्या हरसूलच्या. वाटीभर नागलीचं पीठ घेऊन खाली आल्या. शेजारणीकडं रिकाम्या हातानं नाय जायचं म्हणाल्या. आमचे हे घोटीला भाताच्या गिरणीत कारकुनी करतात, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. म्हणजे घरात मी आणि सायली दोघीच. सायली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

वर नेटचा डबा आहे, त्यातलं आम्हाला भाड्यातच वापरू देणार. तेवढाच एक खर्च वाचला. संध्याकाळी दारात पणत्या लावल्या. सायली म्हणाली, आई, इथे बरं वाटतंय. मलाही तसंच वाटलं म्हणून हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहून ठेवते.

८ नोव्हेंबर, शनिवार. संकष्टी

बरं वाटणं तीन दिवसही टिकलं नाही. सायलीचा फोनवरचा खेळ इथे चालत नाही.

हा खेळ मला आधी थेर वाटायचा. आता थोडा समजतो. चौघींची टोळी मैदानात उतरते, प्रत्येकीची एक बाहुली. इथलीच, द्वारका भागातली निकिता तिच्या टोळीत आहे, बाकी दोघी पुण्याच्या. रोज सराव चालतो, सामने होतात. तेवीस तारखेच्या सामन्यात टिकल्या तर पुण्याची एक मोठी टोळी सायलीला पगारावर घेणार आहे. खेळायचा पगार. हे हसले, पण निकिताच्या वडिलांनी कागद दाखवले तेव्हा चष्मा लावून वाचत बसले.

अडचण अशी की नेट अडकलं की सायलीची बाहुली जागच्या जागी उभी राहते. सायलीला वाटतं आपण पळालो, पण ते पळणं पोचतं मागून, तोवर समोरचा मारून जातो. ह्याला लॅग म्हणतात. वर अण्णा दिवसभर मोबाईलवर कीर्तन लावतात, कुसाबाई मालिका बघतात, त्याच डब्यातून सगळं येतं. मी अण्णांना जाऊन विनंती केली. ते म्हणाले, माझ्या बुवांनी तुमच्या पोरीच्या बंदुकीचं काय घोडं मारलंय? नंतर म्हणाले, बरं, चार ते सहा बंद ठेवतो, तेवढा वेळ देवही झोपतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अण्णांनी कीर्तन बंद ठेवलं तरी फरक नाही. सायली मला घेऊन वर गेली. नेटचा डबा कुसाबाईंनी लोखंडी कपाटात ठेवला होता, वर विणलेला रुमाल. धूळ बसते ना, म्हणाल्या. सायलीने डोक्याला हात लावला. लोखंडात हवा अडते म्हणे. डबा उंचावर, उघड्यावर, फ्रिजपासून लांब ठेवला. थोडं सुधारलं. पण सामना तोंडावर आलाय आणि ती रडकुंडीला येते. स्वतंत्र नेट घे म्हणाली. मी नाही म्हटलं. फुकटचं असताना दुसरं कशाला?

जेवताना ती म्हणाली, आई, तुला एकदा तरी वाटतं का मला काहीतरी यावं? मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सोमप्रदोष

द्वारकेला खाजाभाई म्हणून नेटचं काम करणारे आहेत. निकिताच्या ओळखीने आले, पन्नाशीचे, सभ्य माणूस. म्हणाले, ताई, हवेतलं नेट सगळे वाटून खातात. वरच्या डब्यातून वायर ओढून पोरीच्या फोनला जोडू, म्हणजे तेवढं तिचं एकटीचं. फक्त वायरीचे आणि मजुरीचे पैसे. हो म्हटलं.

वायर स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यातून न्यायची होती. तिथे भोक पाडताना खालची फरशी हलली आणि निघूनच आली. खाली तांब्याची डबी. उघडली तर आत सुकलेलं शेवाळ, धान्य, आणि बोटभर उंचीची चांदीची मूर्ती, पालथी. खाजाभाई लगेच मागे सरले. हे तुमच्या देवाचं आहे ताई, मालकांना फोन लावा, मी बाहेर थांबतो. अण्णा-कुसाबाई वरची किल्ली माझ्याकडे ठेवून भाताच्या झोडणीला हरसूलला गेलेत. फोन लागला नाही.

वास्तुपुरुष असणार एवढं कळलं. आमचं स्वतःचं घर कधी झालं नाही, वास्तुशांत कधी केली नाही, लोकांकडच्या वास्तुशांतीला जेवायला तेवढी गेले. पण देव असा तोंडावर पडलेला बघवेना. फरशी निघताना डबी उलटली असेल. मूर्ती पाण्याने, दुधाने धुतली, हळदकुंकू वाहिलं, साखर दाखवली आणि नीट उताणी निजवली. हात जोडून म्हटलं, बाबा, तुझ्या घरात राहतोय, पोरीच्या खेळातलं हे अडकणं तेवढं काढून घे. मग कुठे ठेवायचं ते तू बघ.

फरशी बसवली, वायर जोडली. सायलीने खेळून पाहिलं आणि मला उचलूनच घेतलं. लॅग गेला. अगदी नाहीसा झाला. खाजाभाई म्हणाले, वायर जोडली तरी थोडा राहतोच, हे कसं काय? मी मनात म्हटलं, ते आमचं आम्हाला ठाऊक.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंकल्या. सायलीच्या बाहुलीला कोणी हात लावू शकलं नाही. निकिता सांगत होती, काकू, समोरच्याने विचार करायच्या आत ही तिथे. पुण्याहून फोन आला, एक जानेवारीपासून ये म्हणाले. ह्यांनी पेढे आणले. मला वाटलं चांगलं दान पडलं.

पेढा तोंडात घातल्यावर हे तिला म्हणाले, आता बापाला पोस. आम्ही सगळे हसलो. सायली बघत राहिली. मी ताटं घासून आत आले तेव्हा ती हसली. एकटीच, पलंगावर बसून. मी विचारलं का हसतेस. तेव्हा काही बोलली नाही. थकली असेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला

घट मांडला. नैवेद्याला खीर केली. सायलीने पातेलं उतरवायला हात घातला, फडकं न घेता. दोन्ही हातांनी धरलं, शांतपणे उचललं, खाली ठेवलं. तळव्याची कातडी पातेल्याला चिकटून आली. ती माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. मी ओरडले, हात पाण्याखाली धरले, हळद लावली. तिचं तोंड तसंच. मी तिला पाटावर बसवलं आणि आरती म्हटली, कारण आरती अर्धी सोडायची नसते.

आरती संपली, आणि ती किंचाळली. हात झटकत होती, जणू पातेलं आत्ताच धरलंय.

२ डिसेंबर, मंगळवार

आता उघड दिसतंय. हाक मारली की ओ यायला पोळी भाजून होते. कालपासून कुकर होतो. जेवायला वाढलं की ती बसते तेव्हा भात गार असतो. मी रडले तर ती माझे डोळे पुसायला येते, तोवर मी भाजी निवडत असते, आणि ती माझे कोरडे गाल पुसते.

डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. मेंदूचा फोटो काढायला सांगितला. त्यात काही नाही. मानसिक ताण आहे, खेळ कमी करा म्हणाले. रिक्षात बसलो, घरी आलो, दार उघडलं, तेव्हा तिचा पाय उडाला.

पण फोन हातात दिला की अंगठे वेगळेच. मान, डोळे, श्वास सगळं मागे, आणि अंगठे सुसाट. निकिताला फोन केला, बाई, सायलीचं काही खरं नाही. ती गोंधळली. काकू, ती तर आत्ता खेळतेय आमच्याबरोबर, बोलतेय पण, लिहून. एकदम ठीक आहे.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

कुसाबाई-अण्णा हरसूलहून आले. कुसाबाईंना सगळं सांगितलं. मूर्तीचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. अगं पोरी, उताणा ठेवला? त्याला पालथाच घालतात. तोंड मातीकडं, कान मातीकडं. घरातलं बोललेलं त्याला निम्मंच ऐकू यावं म्हणून. सगळं ऐकलं तर सगळ्याला तथास्तु म्हणत बसंल. काय बोललीस तू त्याच्यापुढं?

मी सांगितलं. खेळातून काढ, कुठे ठेवायचं ते तू बघ.

कुसाबाईंनी फरशीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, त्यानं बघितलं.

फरशी काढली. मूर्ती चकचकीत, आज घासल्यासारखी. क्षमा मागितली, पालथी घातली, शेवाळ ठेवलं, फरशी बसवली. कुसाबाईंनी नारळ फोडला.

सायलीत फरक नाही. अण्णा जिन्यावरून म्हणाले, ह्या घरात आता सगळंच मागून पोचतंय, पालथं घातलेलंही पोचेल कधीतरी. कुसाबाईंनी त्यांना गप्प केलं. पण मला ते पटलं. तेच वाईट आहे.

७ डिसेंबर, रविवार

हे आले, पाहून हादरले. नाशिक सोडू, मुंबईला दाखवू म्हणाले. तिला रिक्षात बसवलं. गल्लीच्या टोकाला तिचा श्वास थांबला. परत फिरलो. दारात आल्यावर सुरू झाला. मंगळवारी डॉक्टरांपर्यंत तरी जाता आलं, आता वायरीपासून लांब नेताच येत नाही, हे मी म्हटलं. वायरीचं काय मधेच, हे म्हणाले.

दुपारी निकिता आली. तिने माझ्या फोनवर तो खेळ घातला. मी मैदानात उतरले. माझी बाहुली भिंतीला धडकत होती. कुठेतरी डोंगर, पिवळं गवत. लांबून एक बाहुली पळत आली आणि माझ्यासमोर थांबली. सायलीची. निकिताने वाचून दाखवलं, मग मीच वाचलं.

आई, किती वेळ लावतेस. मी कधीची हाका मारतेय.

मी विचारलं, बाळा, दुखतंय का? उत्तर लगेच. इथे नाही दुखत. पण अंग सापडत नाही. तुम्ही सगळे पुढे निघून जाता, मी खोलीत येते तेव्हा खोली रिकामी असते.

इकडे पलंगावर ती भिंतीकडे बघत होती. गालावर ओल नव्हती. अंगठे हलत होते. मी लिहिलं, आम्ही थांबतो तुझ्यासाठी. तिने लिहिलं, थांबा हं.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मोरीत पडली. नळाची तोटी कपाळात गेली. खोक पडली, आतलं पांढरं दिसलं. रक्त नाही. आवाज नाही. मी कापूस धरून बसले, पुसायला काहीच नाही.

१० डिसेंबर, बुधवार

दुपारी रक्त आलं. कालचं.

ओरडणं अजून आलं नाही. रक्ताच्या मागून येईल. मी वाट बघतेय. आईने पोरीच्या किंकाळीची वाट बघावी असं देवाने—

११ डिसेंबर, गुरुवार

पूजा मांडली. कुसाबाई विरजण मागायला आल्या. मी देते म्हटलं. त्या उभ्याच. विचारत होत्या, बाई, विरजण हाय का. परत विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघत मागे मागे गेल्या. जिन्यात त्यांची पावलं वाजली तेव्हा मी माझाच आवाज ऐकला. देते.

मलाही लागलं. हे आठवड्यात दोन दिवस इथे असतात म्हणून वाचले. मी कायमची इथेच.

हात मात्र वेळेवर आहे. सायलीचे अंगठे राहिले, माझा हा लिहिणारा हात राहिला. ज्याला ज्याची सवय. लिहिणंच वेळेवर होतं. बाकी—

१२ डिसेंबर, शुक्रवार

कुसाबाई-अण्णा हरसूलला गेले. कुलूप न लावता.

खेळात गेले. पेन धरलेला हात वेळेवर, पण फोनवर माझं बोट मागे राहतं आता, एक अक्षर उमटायला किती वेळ. ती समोर उभी होती. लिहीत होती. आई. आई. आई बोल ना. मी लिहिलेलं गेलं तेव्हा ती लांब निघून गेली होती, शोधत.

१३ डिसेंबर, शनिवार

हे आले. मी दारात बसले होते, त्यांना दिसलं की मी ओळख दाखवली नाही. दाखवली होती. पोचली नाही.

त्यांनी पलंगावर पाहिलं. पोरीच्या कपाळाला खोक, हातात फोन, अंगठे चालूच. बापाचं काळीज. ह्या खेळाने खाल्लं दोघींना म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले होते. वायर धरली. मी म्हटलं नको. जिवाच्या आकांताने म्हटलं, नको, ती तिथेच आहे, तेवढीच उरलीय—

वायर भिंतीतून उपटली. फोन काढून घेतला. अंगठे थोडा वेळ हवेत—

मग थांबले.

ते मोरीत पाय धूत होते तेव्हा माझा आवाज आला. नको. ते बाहेर आले, विचारलं, काय नको?

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ

श्वास नाही तिला. डॉक्टर येऊन गेले. कागदावर लिहून गेले.

ती गेलेली नाही. ती मागे आहे. मोरीत पडली तेव्हाचं ओरडणं अजून यायचं आहे. जिचं ओरडणं यायचं आहे ती गेली कशी? कोणाला सांगू, तोंड—

ह्यांनी निकिताला मिठी मारली, रडले. मला हलवतात. रड म्हणतात. रडतेय. उद्या दिसेल.

दुपार

माणसं आली. अंगणात बांबू. गाठी मारतायत. तिला हळद लावली, नवी साडी. मी पहाटेपासून ओरडतेय, थांबा, तिला नेऊ नका, वायर जोडा. निघाला आहे आवाज, वाटेत आहे, ह्यांना वाटतं मी बधिर झाले.

उचलताना तिचे ओठ उघडले. मी पाहिलं. किंकाळीला उघडतात तसे. बाकी सगळे पायाकडे बघत होते.

वही दाखवायची. ह्यांच्यापुढे धरायची. पण धरायला हात लिहायचा थांबवावा लागेल, आणि थांबला की तोही मागे—

ते दारापर्यंत गेले. धरतेच. सायली, आलेच, तू तोंड बंद करू नको, ऐकू येईपर्यंत तशीच उघ